शेफील्ड : खिशांतल्या चाकूचें माहेर

परदेशांतील कांहीं गांवांचीं नांवें आपल्या घरांत भूगोलाच्या पुस्तकाआधींच पोंचलीं. तीं वस्तूंच्या पाठीवर बसून आलीं. मँचेस्टर आलें तें कापडाच्या ताग्यावरून, आणि शेफील्ड आलें तें चाकूच्या पात्यावरून. जुन्या घरांतील लिहिण्याच्या पेटींत दऊत, बोरू आणि वाळूची डबी यांच्या शेजारीं एक लहानसा मिटणारा चाकू असे. बोरू तासावा, त्याच्या टोंकाला तिरपा छेद द्यावा, मुलांच्या पेन्सिली टोंकदार कराव्या, आणि वैशाखांत प्रसंग पडलाच तर आंबाही कापावा, एवढाच त्याचा संसार. पात्याच्या मुळाशीं बारीक इंग्रजी अक्षरें ठोकलेलीं असत. तीं लावून वाचणें हा मुलांचा एक खेळच होता. “चाकू” हा शब्द आपल्याकडे तुर्की-फारशीच्या वाटेनें आला, आणि पात्यावरचें नांव इंग्लंडांतून आलें. पण दोन मुलखांचा हा पाहुणा आपल्याकडे अगदीं घरचा होऊन राहिला. इंग्रज याला “पेननाइफ” म्हणतो, कारण पिसाची लेखणी तासण्यासाठींच तो निघाला. लेखणी पिसाची असो कीं बोरूची, लिहिणाऱ्याच्या जवळ पोलादाचा एक तुकडा असावा, हें दोन्ही देशांस सारखेंच सुचलें.

रोज जवळ बाळगावा असा चाकू कोणता, तो कसा निवडावा आणि कसा बाळगावा, हा प्रश्न कोणाला क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या गांवानें सहाशेंहून अधिक वर्षें याच प्रश्नावर आपलें पोट भरलें, त्या गांवांतून हिंडतांना तो तसा वाटत नाहीं.

लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावरून आगगाडीनें सुमारें दोन तासांत शेफील्ड येतें. स्थानकाबाहेर पाऊल टाकतांच चौकांत पोलादाची एक लांबलचक, चकचकीत आणि वळणदार भिंत दिसते. तिच्यावरून पाण्याचा पातळ पडदा सारखा ओघळत असतो. या शिल्पाचें नांव “कटिंग एज”, म्हणजे कापणारी धार. पोलाद आणि पाणी यांनींच हें गांव घडविलें आहे. तेव्हां पाहुण्याच्या स्वागताला तींच दोन उभीं राहावींत, हें योग्यच झालें.

गांव डोंगराळ आहे. डॉन, शीफ, पोर्टर, रिव्हेलिन आणि लॉक्स्ले अशा पांच नद्यांचें पाणी येथें एकत्र येतें. शीफ नदीवरून गांवाला नांव पडलें. डॉन सोडली तर बाकीच्यांना आपण ओढेच म्हणूं. पण पाणी थोडें असलें तरी उतार भरपूर होता. ओढ्याला बंधारा घालून तळें करावें, तळ्याचें पाणी पन्हाळीनें लाकडी चाकावर सोडावें, आणि त्या चाकाच्या बळावर धार काढण्याचे दगड फिरवावे, ही युक्ति येथल्या लोकांना फार लवकर साधली. दगड जवळच्या डोंगरांत मिळे, लोखंडाची माती आणि कोळसाही आसपास होता. पुढें चांगल्या पोलादासाठीं स्वीडनहून लोखंड येऊं लागलें. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन नांवाच्या एका घड्याळजीला घड्याळाच्या स्प्रिंगेसाठीं निर्दोष पोलाद हवें होतें. तें मिळेना, तेव्हां त्यानें मुशींत पोलाद वितळवून तें एकजीव करण्याची रीत स्वतःच बसविली. घड्याळासाठीं केलेल्या या खटपटीचा लाभ पुढें चाकूंना आणि सर्व प्रकारच्या हत्यारांना झाला.

परंतु गांवाची कीर्ति त्याहूनही जुनी आहे. चौदाव्या शतकांतील इंग्रज कवि चॉसर यानें “कँटरबरी टेल्स” या काव्यांत एका गिरणीवाल्याचें वर्णन केलें आहे. त्याच्या पायमोज्यांत कवीनें शेफील्डचाच चाकू खोंचून दिला आहे. त्या काळीं जेवायला बोलावणारा यजमान पाहुण्यासाठीं सुरी मांडीत नसे. ज्याची त्यानें कमरेला लावून आणावी, तिनेंच मांस कापावें, आणि पुसून पुन्हां म्यानांत घालावी, अशी रीत होती. म्हणजे रोज जवळ बाळगावयाचें मूळ अवजार मिटणारें नव्हतें. तें म्यानांतलें आंखूड पातें होतें. स्प्रिंगेवर मिटणारा चाकू येथें रुळला तो सतराव्या शतकापासून. आपल्याकडे याला जोड शोधावयाची तर ती चंचींतल्या अडकित्त्याची. विळी घरांत ठाण मांडून बसते. ती बाळगावयाची वस्तु नव्हे. अडकित्ता मात्र मालकाबरोबर गांवोगांव हिंडे, आणि तो ज्याचा त्याचा असे.

गांवाच्या मध्यभागीं, कॅथीड्रलच्या समोर, कटलर्स हॉल ही खांबांची भारदस्त इमारत आहे. १६२४ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें येथें चाकू-सुऱ्या करणाऱ्यांचा संघ स्थापन झाला; त्याची ही तिसरी वास्तु १८३२ सालची. संघाचें मुख्य काम दोन प्रकारचें होतें: उमेदवारांना शिस्तींत धंदा शिकविणें, आणि प्रत्येक कारागिराला त्याची स्वतःची खूण नेमून देणें. ती खूण पात्याच्या मुळाशीं ठोकल्याखेरीज माल विकावयाचा नाहीं. संघाचें ब्रीदवाक्य जुन्या फ्रेंच भाषेंत आहे. सचोटीच्या वाटेनें यशाला पोंचावें, असा त्याचा भाव. या खुणांपैकीं जोसेफ रॉजर्स घराण्याला १७६४ सालीं मिळालेली तारा आणि माल्टीज क्रूस ही खूण पुढें दूरदूरच्या देशांत पोंचली. अक्षरें न वाचतां येणारा मनुष्यसुद्धां तारा आणि क्रूस ओळखूं शके. अर्थात् जेथें मान तेथें नक्कल! खोट्या खुणांचा आणि परदेशांत करून शेफील्डच्या नांवावर खपविलेल्या मालाचा इतका सुळसुळाट झाला कीं, १८८७ सालीं मालावरील खुणांविषयीं इंग्लंडांत जो कायदा झाला, त्यामागें येथल्या कारागिरांच्या तक्रारी हें एक मोठें कारण होतें.

चाकू निवडण्याचा पहिला धडा या इमारतीसमोरच मिळतो. ज्यानें पात्यावर आपलें नांव लिहिण्याचें धैर्य केलें नाहीं, त्याचा चाकू घेऊं नये. मात्र केवळ नांवावरही भुलूं नये. जुनीं प्रतिष्ठित नांवें पुढें विकलीं गेलीं, आणि विकत घेणाऱ्याला नांवाबरोबर मूळ मालकाचा हातही मिळतो, असें नाहीं.

याच संघाच्या संग्रहांत “नॉरफोक नाइफ” म्हणून एक अजस्र चाकू आहे. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनासाठीं रॉजर्सच्या कारखान्यानें तो केला. त्याला ७५ पातीं आहेत. कौशल्याचा हा कळसच, यांत शंका नाहीं. पण तो कोणत्याही खिशांत मावणार नाहीं, आणि त्यानें आजवर कोणी पेरू कापला असेल असें वाटत नाहीं. आजकाल दुकानांतून बारा-पंधरा अवजारें एकाच मुठींत कोंबलेले चाकू पाहिले कीं, त्या थोरल्या भावाची आठवण होते. चाकू हा दाखविण्यासाठीं घ्यावयाचा असेल तर गोष्ट वेगळी. बाळगण्यासाठीं एक किंवा दोन पातीं पुरतात.

गांवाच्या नैर्ऋत्येस पोर्टर ओढ्याच्या कांठाकांठानें बागांमधून वर चालत गेलें, कीं झाडींत दगडी कौलांची एक बुटकी इमारत लागते. ही “शेपर्ड व्हील”. १५८४ सालापासून तरी येथें धार काढण्याचें काम चालत असल्याचा दाखला आहे. धंदा म्हणून तें १९३० मध्यें थांबलें, आणि २०१२ पासून ही जागा प्रेक्षणीय म्हणून पुन्हां उघडली. सुमारें १८ फूट व्यासाचें चाक तळ्याच्या पाण्यावर आजही फिरतें. बाहेर तळें, बदकें, खेळणारीं मुलें. आंत अंधार, ओल आणि दगडांच्या रांगा. प्रत्येक दगडापुढें लाकडाचा एक ओंडका आहे. त्यावर घोड्यावर बसावें तसा शिकलगार मांड टाकून बसे आणि पुढें ओणवून पातें दगडावर दाबी. भिंतींवर दगडाच्या पिवळट चिखलाचे शिंतोडे अजून आहेत.

हें स्थान रम्य आहे; पण येथें केवळ रम्यता पाहून परतणें बरें नव्हे. चाकू येथें तीन हातांतून जाई: एक पातें ठोकणारा, दुसरा धार काढणारा, तिसरा सारे भाग जुळवून मूठ बसविणारा. यांपैकीं दुसऱ्याच्या वांट्याला मरण लवकर येई. दगडाची आणि पोलादाची धूळ छातींत सांचे; शिवाय वेगानें फिरणारा दगड कधीं कधीं फुटे, आणि समोरचा मनुष्य जागच्या जागीं ठार होई. शेफील्डांतील डॉक्टर नाइट यांच्या निरीक्षणाचा आधार घेऊन एंगल्सनें आपल्या १८४५ सालच्या ग्रंथांत लिहिलें आहे कीं, कोरड्या दगडावर काम करणाऱ्यांचें आयुष्य सरासरीनें जेमतेम ३५ वर्षांचें असे, आणि ओल्या दगडावरचे लोक क्वचितच ४५ च्या पुढें जात. त्याहूनही विषण्ण करणारी एक गोष्ट त्यानें नोंदविली आहे. धूळ ओढून घेणारीं साधनें निघालीं, तेव्हां कांहीं शिकलगारांनीं स्वतःच त्यांस विरोध केला, कोठें कोठें तीं मोडूनही टाकलीं. धंदा सुरक्षित झाला तर त्यांत माणसें लोटतील आणि मजुरी उतरेल, ही त्यांची भीति. थोडें जगावें पण पोटभर खावें, असा हिशेब ज्यांना करावा लागला, त्यांच्या हातची धार आपल्या आजोबांच्या पेटींत होती. बोरूचा तो स्वच्छ, तिरपा छेद कोणाच्या श्वासावर उभा होता, हें येथें आल्यावर कळतें.

तिसऱ्या हाताचें, म्हणजे जुळणीचें काम पाहावयाचें तर डॉन नदीकांठच्या केलहम आयलंड संग्रहालयांत जावें. एकट्यानें, लहानशा खोलींत, स्वतःच्या नांवावर काम करणाऱ्या कारागिराला येथें “लिटल मेस्टर” म्हणतात. “मेस्टर” हा “मास्टर” या शब्दाचा स्थानिक उच्चार. त्या परंपरेंतील नामांकित पुरुष स्टॅन शॉ हे उतारवयांत याच संग्रहालयांत बसून चाकू करीत. १९२६ सालीं जन्मलेला हा मनुष्य पोरवयांत धंद्यांत शिरला आणि नव्वदी उलटल्यावरही त्याचा हात थांबला नाहीं. २०२१ मध्यें तो निवर्तला. मोठमोठे गिऱ्हाईक त्याच्या एका चाकूसाठीं वर्षानुवर्षें थांबत.

हे कारागीर चांगल्या चाकूविषयीं एक सुंदर शब्दप्रयोग करतात: चाकू “चालला आणि बोलला” पाहिजे. नखानें पातें उघडूं लागलें असतां तें सारख्या जोरानें, न अडखळतां सरकावें, हें त्याचें चालणें. आणि पूर्ण उघडतांना किंवा मिटतांना स्प्रिंगेनें “टक्” असा स्वच्छ आवाज द्यावा, हें त्याचें बोलणें. गिऱ्हाइकानें दुकानांत एवढी परीक्षा अवश्य करावी. चाकू मिटून उजेडासमोर धरावा. मुठीच्या पत्र्यांत आणि स्प्रिंगेंत फट दिसूं नये. उघडल्यावर पातें बाजूला डुलूं नये. मिटलें असतां तें दोन पत्र्यांच्या बरोबर मध्यें बसावें, एकीकडे घांसूं नये. पातें तळहाताच्या रुंदीपेक्षां फारसें मोठें नसावें. आकारांत आवड ज्याची त्याची. पण “लँबफूट”, म्हणजे कोंकराच्या पावलासारखें सरळ धारेचें आणि बोथट नाकाचें पातें, हें शेफील्डचें खास लाडकें आहे. दोरी, कागद, पेन्सिल आणि ताटलींतलें फळ यांना तें उत्तम, आणि टोंक रुतण्याचें भय कमी.

पोलादाविषयीं मात्र आपल्या हवेचा आणि आपल्या ताटाचा विचार केला पाहिजे. साध्या, म्हणजे कार्बनच्या, पोलादाला धार चटकन लागते. पण लिंबू, कैरी, चिंच यांचा आंबटपणा लागला कीं तें काळवंडतें, फोडींनाही लोखंडाची चव येते, आणि कोकणांतल्या श्रावणांत चार दिवस विसरलें तर तांबेरा चढतो. न गंजणारें पोलाद हेंही याच गांवचें अपत्य. बंदुकीच्या नळ्या लवकर झिजूं नयेत म्हणून प्रयोग करतांना १९१३ सालीं हॅरी ब्रिअर्ली यानें भरपूर क्रोमियम घातलेलें पोलाद केलें, आणि तें आंबट रसाला दाद देत नाहीं असें त्याला आढळलें. त्या वेळच्या कारागिरांनीं या न कापणाऱ्या पोलादाची प्रथम थट्टा केली. पुढें त्याला पाणी देण्याची रीत साधल्यावर जगभर त्याचेंच राज्य झालें. फळांसाठीं आणि पावसाळी प्रांतांत न गंजणारें पोलाद बरें; लांकूड तासण्याची, कलम करण्याची हौस असेल, आणि वापरून झाल्यावर पुसून ठेवण्याची शिस्त असेल, तर साधें पोलाद अधिक सुख देतें.

आतां बाळगण्याविषयीं. इंग्लंडांत १९८८ च्या कायद्यानें असें ठरविलें आहे कीं, ज्याची धार ३ इंचांहून अधिक लांब नाहीं असा मिटणारा चाकू कोणालाही सार्वजनिक ठिकाणीं जवळ ठेवतां येतो. पातें उघडल्यावर कळीनें घट्ट अडकून राहत असेल, तर तो न्यायालयांच्या मतें मिटणारा चाकू नव्हे. तसा चाकू, किंवा म्यानांतलें लहानसें पातें, बाळगावयाचें तर सयुक्तिक कारण दाखवावें लागतें: माळी कामावर चालला आहे, कोळी गळ टाकायला निघाला आहे. शिखांच्या धार्मिक कृपाणाला कायद्यानें वेगळी मुभा आहे. म्हणजे चॉसरच्या गिरणीवाल्याला आज त्याच शेफील्डांत पोलिसांनीं हटकलें असतें! तरुण मुलांच्या हातून होणाऱ्या चाकूहल्ल्यांनीं त्या देशाला गांजलें आहे. लोकांनीं आपण होऊन चाकू टाकून द्यावे म्हणून पोलीस जागोजागीं पेट्या ठेवतात. हें गांव स्वतःही या बाबतींत अगदीं निर्दोष नाहीं. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेच्या बाजारासाठीं लांब पात्याचे “बोई” चाकू येथेंच हजारोंनीं तयार झाले, आणि ते पेन्सिलीसाठीं नव्हते.

आपल्याकडे २०१६ च्या शस्त्रनियमांप्रमाणें ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचीं हत्यारें परवान्याच्या कक्षेंत येतात; घरगुती, शेतकी, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाचीं अवजारें त्यांतून वगळलीं आहेत. एखाद्या ठिकाणीं मनाई-हुकूम असेल तर तो अर्थात् पाळला पाहिजे. आणि विमानांत चाकू हातांतल्या पिशवींत कधींही ठेवूं नये, तो सामानांत द्यावा. पण कायद्याच्या इंचांपेक्षां एक सोपी कसोटी आहे. चाकू जवळ कां ठेवला, असें कोणी विचारलें तर न अडखळतां उत्तर देतां यावें. कोकणांतला गडी माडाच्या बागेंत कमरेच्या आकडीला कोयती अडकवून फिरतो. त्याला कोणी कारण विचारीत नाहीं, कारण तें माडावर लोंबकळत असतें. शहरांत राहणाऱ्याचें कारण लहान असतें, पुडक्याची दोरी, पेन्सिल, डब्यांतलें फळ. तेव्हां त्याचा चाकूही लहान असावा. भयानें घेतलेला चाकू नेहमीं मोठा निघतो. जो कामासाठीं घेतला तो आपोआप बेताचा होतो.

जपणूक फार नाहीं. वापरल्यावर पुसावा, सांध्यांत महिन्या-दोन महिन्यांनीं शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा, आणि नाण्यांच्या खिशांत ठेवूं नये. धार बोथटली तर टाकून न देतां बारीक दगडावर, चंदन उगाळतांना घेतों तसें पाणी घेऊन, पातें पंधरा ते वीस अंश कलतें धरून दोन्ही बाजूंनीं सारखें घासावें. बोथट चाकूच बोट कापतो. कारण त्याला जोर लावावा लागतो आणि तो निसटतो. मुलांच्या हातीं द्यावयाचा तर आधीं मिटायला शिकवावें, मग उघडायला. आणि दुसऱ्याला देतांना मूठ पुढें करावी, हें पहिल्याच दिवशीं सांगावें.

शेफील्डांत आज चाकूचे हात थोडे उरले आहेत. जुन्या कारखान्यांच्या कित्येक इमारतींतून आतां बिऱ्हाडें थाटलीं आहेत. पण कोठें कोठें मागच्या अंगणांतल्या एखाद्या खोलींतून कानशीचा आवाज अजून येतो. अशा एका ठिकाणीं मीं एक लँबफूट घेतला. कारागिरानें तो दोनदां उघडून मिटून कानाशीं धरला, आणि समाधान झाल्यावरच कागदांत गुंडाळला. तो एका मित्रासाठीं आहे असें सांगतांच तो म्हणाला, “मग त्याच्याकडून एक पेनी घ्यायला विसरूं नका.” चाकू फुकट दिला तर स्नेह कापला जातो, म्हणून घेणाऱ्यानें एक नाणें तरी द्यावें, अशी इंग्रज लोकांत जुनी समजूत आहे. समजूत म्हणून ती सोडून द्यावी. पण पोर्टरच्या कांठचा तो अंधार पाहिल्यावर एक पेनी कांहीं जास्त वाटत नाहीं. चाकू फुकट नसतो. त्याची किंमत अगोदर कोणीतरी दिलेली असते, आणि आपण फार तर ती वाया जाऊं देऊं नये.